वाऱ्याच्या झुळकीमुळे पाणी एकच वेळ

सेक्रेटरींनी ती सूचना इंग्रजीत लिहिली, तिथेच सगळं बिघडलं.

तसं पाहिलं तर इंग्रजीची काही गरज नव्हती. इमारतीतले सगळेच लोक घरात, जिन्यात आणि भांडणात एकच भाषा बोलत, आणि ती इंग्रजी नव्हती. पण सेक्रेटरींचा अनुभव असा, की आपल्या भाषेत लिहिलेली सूचना लोक सूचना म्हणून वाचतच नाहीत. 'जिन्याखाली सायकली ठेवू नयेत' असा कागद त्यांनी एकदा सुवाच्य अक्षरात लावला होता. एका गृहस्थांनी त्याच कागदाला सायकल टेकवून ठेवली आणि वर "अक्षर फार छान आहे हो तुमचं" असं सांगून गेले. तोच मजकूर इंग्रजीत लावल्यावर मात्र सायकली हलल्या. इंग्रजी वाचलं की माणसाला वाटतं, यामागे कुठेतरी एखादा वकील बसलेला आहे.

त्या वर्षी पाऊस लांबला, तलाव आटला आणि पाणी फक्त सकाळीच येणार असं ठरलं. सेक्रेटरींनी टेबल पुसलं, चष्मा पुसला आणि लिहायला घेतलं, की दुष्काळामुळे पाणी एकच वेळ येईल. दुष्काळाला ड्राउट म्हणतात हे त्यांना माहीत होतं. त्या शब्दात न उच्चारलेली बरीच अक्षरं असतात हेही माहीत होतं. फक्त मधल्या 'ओ'च्या जागी त्यांच्या हातून 'ए' पडला.

त्यात त्यांचा तरी काय दोष? सेक्रेटरी हे त्यांचं संध्याकाळचं पद. दिवसा ते टायरच्या गोदामात स्टोअरकीपर होते. त्यांचं सगळं इंग्रजी टायर, ट्यूब, नट आणि व्हॉल्व्ह यांच्यात गेलेलं. त्या इंग्रजीत क्रियापदांना फारसं काम नसे, आणि दुष्काळ तर गोदामात कधीच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी ती सूचना वाचली तिसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी. या डॉक्टरांना धंद्यामुळे एक सवय जडली होती. समोरच्याचं तोंड उघडं असताना आपण बोलत राहायचं, आणि त्याला उत्तर देता येत नाही म्हणजे त्याला पटलं असं धरून चालायचं.

"सेक्रेटरी, दुष्काळाला इंग्रजीत काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"ड्राउट."

"बरोबर. आणि तुम्ही लिहिलंय ते आहे ड्राफ्ट. ड्राफ्ट म्हणजे वाऱ्याची झुळूक. म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे वाऱ्याच्या झुळकीमुळे आपल्याला पाणी एकच वेळ येणार."

लिफ्टची वाट बघणारे हसले. जे लिफ्ट वापरत नसत, तेही हसायला थांबले.

"यात यू-जी-एच-टी आहे," सेक्रेटरी म्हणाले. "त्याचा 'फ्ट' कसा होईल?"

"होतो," डॉक्टर म्हणाले.

'होतो' या उत्तराशी वाद घालता येत नाही. लिफ्ट आली, डॉक्टर वर गेले, आणि सेक्रेटरी सगळ्या अर्थांनी खालीच राहिले. पुढचा आठवडाभर इमारतीत दुसरा विषय नव्हता. "पंखा बंद करा, टाकी रिकामी होईल," असं बायका गॅलरीतून एकमेकींना सांगत. एकाने तर खिडकी लावून घेताना सेक्रेटरींची रीतसर परवानगी मागितली.

घरी सेक्रेटरीणबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एवढंच विचारलं, "आपल्या भाषेत लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तुला त्यातलं कळत नाही," सेक्रेटरी म्हणाले. हे वाक्य ते आपल्याला काही कळेनासं झालं की वापरत.

त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची सून उत्तरपत्रिका तपासत बसली होती. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. कोणीही म्हणेल, तिला एक शब्द विचारला असता तर काम झालं असतं. पण त्यात एक अडचण होती. लग्न ठरवताना पहिल्याच भेटीत सेक्रेटरींनी तिच्याशी दोन सबंध वाक्यं इंग्रजीत बोलून घेतली होती. ती त्यांनी आदल्या दिवशी पाठ केली होती, हे कुणाला माहीत नव्हतं. तेव्हापासून आपलं इंग्रजी घरात दबदबा राखून आहे, अशी त्यांची समजूत होती. आता सासऱ्याने सुनेला जाऊन स्पेलिंग विचारायचं म्हणजे उद्या टायरने ट्यूबला विचारावं, मी गोल आहे ना? मुलगा विक्रीच्या कामासाठी महिनेच्या महिने बाहेरगावी असायचा. तो असता तर त्याच्यामार्फत विचारता आलं असतं. तीही सोय नव्हती.

म्हणून त्यांनी एक जाडजूड शब्दकोश विकत आणला आणि गोदामात टायरच्या चळतीवर ठेवून यू-जी-एच या त्रिकुटाचा तपास सुरू केला.

तपासात जे हाती लागलं त्याने ते थक्क झाले. ही तीन अक्षरं म्हणजे एखाद्या मोठ्या घराण्यातले भाऊ असावेत तशी होती. प्रत्येक घरी जाणार तिघं मिळून, पण प्रत्येक घरी आवाज वेगळा. टफ म्हणजे चिवट आणि रफ म्हणजे खडबडीत, इथे ती 'फ' म्हणत. डो म्हणजे मळलेलं पीठ आणि थरो म्हणजे कसून, तिथे गेली की 'फ' विसरून नुसती 'ओ' म्हणत. थ्रू म्हणजे आरपार, तिथे 'ऊ'. प्लाउ म्हणजे नांगर, तिथे 'आउ'. थॉट म्हणजे विचार, तिथे जी आणि एच गप्प बसून राहत, पाहुणचार झाला तरी तोंड उघडत नसत. एक स्लाउ नावाचा शब्द तर असा निघाला, की त्याचा अर्थ दलदल, पण तोच शब्द तस्साच लिहून 'स्लफ' असा वाचला की सापाने कात टाकणे. सेक्रेटरींनी शब्दकोश मिटला आणि थोडा वेळ टायरांकडे बघत बसले. टायर कसा, लिहिला काय आणि वाचला काय, टायरच राहतो.

पण त्यांना सगळ्यात हलवून सोडलं ते दुसऱ्याच जोडीने. लाफ्टर म्हणजे हसू. त्याच्याच पुढे एक 'एस' लावला की स्लॉटर, म्हणजे कत्तल. इंग्रजीत हसू आणि कत्तल यांच्यात एका अक्षराचं अंतर आहे, हे कळल्यावर आपला 'ओ'चा 'ए' झाला त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं असं त्यांना वाटू लागलं. उलट, आपल्याला हे कळलं तसं डॉक्टरांनाही कळलं पाहिजे. नुसतं 'होतो' म्हणून सुटता येणार नाही. आणि सगळ्या इमारतीला कळलं पाहिजे. या विचारातून लिफ्टशेजारच्या भिंतीवर एक कायमची पाटी रंगवून घ्यायची ठरली. एका बाजूला यू-जी-एचचे शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ.

इमारतीत एखादी गोष्ट ठरली, की तिच्यावर सल्ले यायला लागतात. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "पाटीला चौकट हवी. चौकट नसलेल्या मजकुरावर लोक विश्वास ठेवत नाहीत." मग ते पेंटरचे दर ऐकून अस्वस्थ झाले. पेंटर अक्षरावर पैसे घेत असे.

"थॉटमधला जी आणि एच उच्चारतच नाहीत," मॅनेजर त्याला म्हणाले. "मग त्यांचे पैसे कशाला?"

"साहेब, ब्रशला काय कळतं?" पेंटर म्हणाला. "मुकं अक्षर असो, बोलकं असो, रंग तेवढाच लागतो."

मॅनेजरांनी थॉट हा शब्दच काढून टाकायला लावला. सोसायटीच्या पैशातून विचाराला जागा मिळाली नाही ती अशी.

तळमजल्यावर एक आत्या राहत. त्या नेमक्या कुणाच्या आत्या होत्या हे कुणालाच माहीत नव्हतं, पण सगळेच त्यांना आत्या म्हणत. पेंटर इंग्रजी शब्द रंगवत होता तेव्हा सेक्रेटरी गोदामात माल मोजत होते. आत्या खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या.

"यात हिकप नाही," त्या म्हणाल्या. "हिकप म्हणजे उचकी. आमच्या वेळी त्याचं स्पेलिंगसुद्धा असंच करायचे, शेवटी यू-जी-एच घालून. पुढे लोक आळशी झाले."

पेंटर सभ्य माणूस होता. म्हाताऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? त्याने कॉफच्या खाली हिकप बसवून दिला. खोकल्याजवळ उचकी असलेली बरी, असा त्याचा साधा विचार. बाकीचे शब्द त्याखाली एकेक घर सरकले. दुसऱ्या दिवशी तो अर्थ रंगवायला आला आणि सेक्रेटरींनी लिहून दिलेल्या कागदावरून वरपासून खालपर्यंत रंगवत गेला. त्या कागदावर उचकी नव्हतीच. शेवटी पाटीत एक जागा उरली आणि त्याच्या डोक्यात एक उचकी उरली. त्याने दोघांची गाठ घालून दिली आणि चौकट मारून निघून गेला.

त्यामुळे झालं असं. कॉफला खोकला मिळाला, तेवढं बरोबर होतं. पुढे हिकपला मळलेलं पीठ, डोला नांगर, प्लाउला आरपार, थ्रूला कसून आणि थरोला चिवट असे अर्थ लागले. टफ म्हणजे हसू झालं, लाफ्टर म्हणजे कत्तल, स्लॉटर म्हणजे मुलगी. आणि सगळ्यात खाली एकटीच राहिलेली डॉटर, तिच्यासमोर उचकी.

आता कुणी म्हणेल, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे लिफ्टपाशी उजेड फार कमी होता. तिथला दिवा बदलावा असा अर्ज कुणीतरी सेक्रेटरींकडे दिला होता आणि तो विचाराधीन होता. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ड्राउट आणि ड्राफ्टच्या प्रकरणानंतर इंग्रजीत काहीही होऊ शकतं हे इमारतीला मनोमन पटलं होतं. ज्या भाषेत यू-जी-एच-टीचा 'फ्ट' होतो, त्या भाषेत स्लॉटर म्हणजे मुलगी असायला काय हरकत आहे? आईबापांनी मुलांना पाटीपुढे उभं करून घोकायला लावलं. सेक्रेटरी येता-जाता लांबूनच पाटीकडे बघत आणि चौकटीचं कौतुक करत. आपणच लिहून दिलेलं आपणच काय वाचायचं?

सुनेने मात्र पहिल्याच संध्याकाळी वाचलं होतं. ती वर येऊन सासूच्या कानात बोलली.

"तू बोलू नकोस," सेक्रेटरीणबाई म्हणाल्या. "परवाच डॉक्टरांनी चारचौघांत पाणउतारा केलाय. आता तू बोललीस तर जेवायचे नाहीत."

"पण आई, मुलं पाठ करताहेत."

"मुलं चार दिवसांत विसरतात. हे चार वर्षं विसरत नाहीत."

मुलं चार दिवसांत विसरली नाहीत. इमारतीतली बरीच मुलं सुनेच्याच शाळेत होती, आणि तिच्याच वर्गाची शब्दांची चाचणी झाली. उत्तरपत्रिका घरी आल्या त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येऊ लागला. आधी दबलेला, मग अनावर. सेक्रेटरी बाहेर वर्तमानपत्र वाचत होते. ते उठून दाराशी गेले. सून ओट्याला टेकून पदराने डोळे पुसत होती आणि हातात एक कागद होता. सासऱ्यांना बघताच तिने तो पाठीमागे लपवला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. शाळेतलं आहे."

सेक्रेटरी परत येऊन खुर्चीत बसले. वर्तमानपत्र उघडलं, पण डोळ्यांपुढे अक्षर ठरेना. बाहेरच्यांनी हसणं वेगळं. ते लिफ्टमध्ये हसतात आणि लिफ्टबरोबर निघून जातात. घरातलं हसू आपल्याच ताटावर येऊन बसतं. त्या दिवशी ते सुनेशी एक शब्द बोलले नाहीत. भाजीत मीठ कमी होतं, तेही त्यांनी पत्नीला उद्देशून सांगितलं.

खुलासा दुसऱ्या दिवशी झाला. चाचणीचे पेपर घरोघरी गेले आणि दाताचे डॉक्टर आपल्या मुलीचा पेपर हातात घेऊन सेक्रेटरींच्या दारात उभे राहिले. चेहरा असा, की कुणीतरी त्यांचीच दाढ न सांगता उपटली आहे.

"वाचा," ते म्हणाले.

सेक्रेटरींनी वाचलं. मुलीने आपल्या घराविषयी इंग्रजीत लिहिलं होतं. आई रोज सकाळी उचकी मळते. मी पाणी प्यायल्याशिवाय माझी मुलगी थांबत नाही. आणि शेवटी, वळणदार अक्षरात, मी माझ्या वडिलांची एकुलती एक कत्तल आहे.

"माझ्या मुलीला कुणी शिकवलं हे?" डॉक्टर म्हणाले. "तुमच्या पाटीने. मी सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या कचेरीत तक्रार केली आहे. सामाईक भिंतीवर विनापरवाना शिकवणी चालवता म्हणून. आणि यंदा सेक्रेटरीपदाला मी उभा राहणार आहे."

ते गेल्यावर सेक्रेटरी बॅटरी घेऊन खाली गेले. पाटीवर वरपासून खालपर्यंत उजेड फिरवला. मग खालपासून वरपर्यंत फिरवला. अर्थ काही बदलले नाहीत. ते जिन्यानेच वर आले.

"तुला माहीत होतं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, बाबा."

सेक्रेटरी हात धुवायला गेले. नळाला पाणी नव्हतं.

सकाळी त्यांनी पेंटरला निरोप धाडला, की पाटी पुसून टाक. पेंटर डबा घेऊन आला, पण त्याच्या आधी निबंधकांच्या कचेरीतले इन्स्पेक्टर येऊन पोहोचले होते. हे इन्स्पेक्टर अत्यंत सभ्य, सडसडीत आणि हळू बोलणारे होते. अशा माणसाने आपल्यावर काय लिहिलं हे आपल्याला महिन्याभराने कळतं.

"पाटीला हात लावू नका," ते म्हणाले. "तो पुरावा आहे."

"पण ती चुकीची आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणूनच पुरावा आहे. बरोबर असती तर नुसती पाटी असती."

"निदान कापड टाकून झाकतो."

"पुराव्यावर पांघरूण घालणं हा वेगळा गुन्हा होतो," इन्स्पेक्टर मायेने म्हणाले. मग त्यांनी चौकशी सुरू केली. "विद्यार्थ्यांकडून फी घेता?"

"विद्यार्थीच नाहीत. लोक लिफ्टची वाट बघताना वाचतात."

"लिफ्ट उशिरा येते?"

"कधी कधी येते."

इन्स्पेक्टरांनी लिहून घेतलं, की लिफ्ट मुद्दाम उशिरा आणून रहिवाशांना सक्तीने वर्गात बसवलं जातं. नंतर मॅनेजरांनी आणून दिलेल्या टेबलदिव्याच्या उजेडात त्यांनी सबंध पाटी अर्थांसकट उतरवून घेतली. उतरवताना ते एकेक शब्द पुटपुटत होते. "फार उपयुक्त आहे," जाताना ते म्हणाले. "आमच्या कचेरीत इंग्रजीची फार आबाळ आहे."

त्यानंतर चुकीची पाटी सरकारी आदेशाने भिंतीवर राहिली. मॅनेजरांनी सुचवलं, की शेजारी 'ही पाटी चुकीची आहे' अशी दुसरी पाटी लावावी. विचारणा केली तर कचेरीतून कळलं, की चौकशी चालू असताना पाटी चुकीची आहे असं म्हणणं म्हणजे निकाल आधीच जाहीर करणं. आया मुलांना डोळे मिटायला लावून लिफ्टपर्यंत नेऊ लागल्या. आत्या तेवढ्या खूश होत्या. त्यांचा हिकप सरकारच्या संरक्षणाखाली होता.

आणि मग नोटीस आली. इंग्रजीत, दोन शिक्क्यांची. वार्षिक सभा तोंडावर आलेली. सेक्रेटरींनी ती खिडकीपाशी नेऊन वाचली. आपल्याला पदावरून का काढू नये याची कारणं द्यावीत, असा मजकूर होता. इतकी वर्षं त्यांनी या इमारतीच्या टाक्या धुऊन घेतल्या, गळती बुजवली, जिन्यातली भांडणं मिटवली, आणि जाणार कशापायी, तर यू-जी-एचपायी. दुसऱ्यांदा वाचताना त्यांची नजर पहिल्याच ओळीवर अडली. कसून चौकशी केल्यानंतर, असं इन्स्पेक्टरांना लिहायचं होतं. त्यांनी पाटीवरून उतरवून घेतलेला शब्द विश्वासाने वापरला होता. थ्रू इन्क्वायरी.

सेक्रेटरींना शंका आली. खात्री नव्हती. शब्दकोश गोदामात होता. आणि सून आत कपड्यांना इस्त्री करत होती.

ते दारात जाऊन उभे राहिले. एकदा परत फिरले. पुन्हा गेले.

"सूनबाई," ते म्हणाले, "हे जरा बघतेस? इथे थ्रू पाहिजे का थरो? मला नक्की सांगता येत नाही."

सुनेने इस्त्री उभी केली. नोटीस घेतली, वाचली, आणि तिचे ओठ थरथरले. पण ती हसली नाही.

"थरो पाहिजे, बाबा. थरो म्हणजे कसून. थ्रू म्हणजे आरपार. त्यांनी तुमची आरपार चौकशी केली आहे."

"असं वाटलंच होतं मला," सेक्रेटरी म्हणाले. मग जरा वेळाने, "म्हणजे, पुसटसं वाटलं होतं."

"त्या दिवशी मी तुमच्यावर हसले नव्हते," सून नोटिशीची घडी घालत म्हणाली. "डॉक्टरांच्या मुलीच्या पेपरवर हसत होते. एकुलती एक कत्तल वाचल्यावर मला राहवेना."

सेक्रेटरींनी त्या वाक्याची मनात पुन्हा उजळणी केली. डॉक्टरांचा दारातला चेहरा आठवला. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग ते इस्त्रीच्या टेबलाला धरून असे हसले, की सेक्रेटरीणबाई पाणी घेऊन धावत आल्या.

उत्तर दोघांनी मिळून लिहिलं. सेक्रेटरी सुचवत आणि सून खोडे. त्यांनी घातलेले 'मोस्ट रिस्पेक्टफुली' तिने सगळे काढले, एक ठेवला, तो त्यांना वाईट वाटू नये म्हणून. उत्तराचा आशय साधा होता. आरपार चौकशी म्हणजे नेमकी कोणत्या प्रकारची, याचा कृपया खुलासा व्हावा, म्हणजे योग्य ती कारणं देता येतील.

कचेरीत या उत्तराने काय झालं ते पुढच्या पत्रांवरून कळत गेलं. आरपार चौकशीची नियमात तरतूद नसल्याने प्रकरण कायदा शाखेकडे गेलं. कायदा शाखेने ते भाषा शाखेकडे पाठवलं. भाषा शाखेने विचारलं, की मूळ पाटीवर थ्रूचा अर्थ कसून असा असताना सोसायटीची हरकत कशाला? प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असे. खुलासा त्या वेळी पदावर असलेल्या सेक्रेटरीने स्वतः, इंग्रजीतून करावा.

वार्षिक सभा गच्चीवर भरली. दाताचे डॉक्टर कोट घालून आले होते. कारभारात स्वच्छता, शिस्त आणि अचूकता हवी, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी उठले. आपण हरणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं, आणि सन्मानाने हरायचं एक छोटं भाषणही मनात जुळवलं होतं. पण मॅनेजरांनी त्यांना थांबवलं.

"आधी कागदपत्रं ताब्यात द्यायची, मग निवडणूक," ते म्हणाले. "बँकेत असंच असतं." आणि त्यांनी कचेरीच्या पत्रव्यवहाराची फाइल डॉक्टरांच्या हातात ठेवली.

डॉक्टरांनी ती उघडली. सगळ्यात वरचं पत्र कालच आलेलं होतं. पाटीवरच्या सगळ्या शब्दांचे खरे अर्थ, त्यांचे उच्चार आणि एकाच स्पेलिंगचे इतके उच्चार का होतात याचं समाधानकारक कारण, हे सेक्रेटरींनी लेखी सादर करावं असा आदेश होता.

"डॉक्टर," सेक्रेटरींनी शांतपणे विचारलं, "यू-जी-एच-टीचा 'फ्ट' का होतो?"

डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. या अवस्थेत माणसाला उत्तर देता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? थोड्या वेळाने ते म्हणाले, की हल्ली दवाखान्यात गर्दी फार वाढली आहे, आणि माझ्या नावाचा आग्रह कुणी धरू नये. आग्रह कुणीच धरला नव्हता.

मग सेक्रेटरींनीच राहावं, असं लोक म्हणू लागले. पण आता ते अडून बसले. जो सन्मान दुसऱ्या कुणाला नको म्हणून मिळतो, तो त्यांना नको होता. सभा तिथेच रुतली. कुणी आकाशाकडे बघे, कुणी फाइलकडे. जेवणाची वेळ टळून चालली, तेव्हा आत्यांनी काठी आपटली.

"यांच्या सुनेला करा," त्या म्हणाल्या. "कचेरीला लिहिलेली उत्तरं तिचीच आहेत ना? माझ्या हिकपचं स्पेलिंग तिला पहिल्या झटक्यात आलं. मी विचारून बघितलंय."

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर एकामागून एक बरंच काही येऊन गेलं, आणि ते सगळं चांगलं होतं असं म्हणता येणार नाही. इतक्या वर्षांचं पद होतं. शेवटी त्यांनी फाइल डॉक्टरांच्या मांडीवरून उचलली आणि सुनेपुढे धरली.

"माझी एकच अट आहे," सून म्हणाली. "सूचना आपल्या भाषेत लागतील."

भूक लागलेल्या सभेने हे एकमताने मंजूर केलं.

दुसऱ्या आठवड्यात कचेरीचा शिपाई आणखी एक पत्र घेऊन आला. "सेक्रेटरी?" त्याने दारातून विचारलं. सवयीने ते उठलेच, अर्ध्यावर आले, आणि तिथेच थांबले. शिपायाला वाट देत म्हणाले, "त्या आत आहेत. मी त्यांचा सासरा."

सुनेने सही करून पत्र घेतलं, फोडलं, उभ्याउभ्या वाचलं. मग कपाळाला आठ्या घालून ती त्यांच्या खुर्चीपाशी आली.

"बाबा, इथे एक शब्द आहे. जरा बघता का?"

तो शब्द तिला येत होता, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना ते ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक असावं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसावा तसा सावकाश सदऱ्याला पुसला, नाकावर चढवला आणि हात पुढे केला.

"दाखव," ते म्हणाले. "घाई नको. इंग्रजी आहे."